ट्रकांच्या पाठी वाचणाऱ्या नसीम मॅडम

या, अशा जवळ सरकून बसा. दारात उभं राहून काय बोलायचं? आणि आधी मला हे सांगा, घरातलं लेकरू विद्यापीठाचा प्रबंध लिहायला बसलं की येता-जाता त्याला "झालं का? एवढं काय असतंय त्यात? पानंच तर भरायचीत," असं म्हणायची खोड तुम्हाला कुणी लावली? म्हणू नये असं. ज्या विहिरीत आपण उतरलो नाही तिला उथळ म्हणू नये. प्रबंध काय असतो ते मी सांगते. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं मिळेल तो कागद वाचून झालेलं. पण हा एक प्रबंध मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकला आहे, आणि त्याला घाबरणारं माणूस अगदी जवळून पाहिलं आहे.

ते माणूस म्हणजे आमच्या नसीम मॅडम. त्या गळ्यात पेनड्राईव्ह घालायच्या.

थट्टा नाही. काळ्या दोऱ्यात तावीज, आणि ताविजाच्या शेजारी पेनड्राईव्ह. आंघोळीलासुद्धा निघत नसे, वरनं प्लास्टिकची पिशवी बांधली जायची. दुसरा पेनड्राईव्ह माझ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाशी. तिसरा कॉलेजच्या ग्रंथालयात, कुणी कधी उघडत नाही अशा एका जाडजूड कोशामागं. तिन्हींत एकच वस्तू, तिचा प्रबंध. मी म्हणलं, डाळीत कशाला गं? तर म्हणाली, "काकू, माझ्या घराला आग लागली तर?" म्हणलं, "बाई, आपली भिंत एकच हाय. तुझं घर पेटल्यावर माझी डाळ कच्ची राहील व्हय?"

हा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता. चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत तो पेनड्राईव्ह डाळीतनं निघून पलीकडच्या गल्लीत एका शिलाईवालीकडं गेला. नसीमची मावसबहीण तेरखेड्याला दिलेली आहे, ती बिचारी मायेनं म्हणाली, माझ्याकडं ठेव की. नसीमनं फोनवरच हात जोडले. फटाके करणाऱ्या गावात मी माझा प्रबंध ठेवू?

मी तिला नसीमच म्हणते, माझ्या लेकीच्या वयाची आहे. गल्ली तिला मॅडम म्हणते. उमरग्यातल्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल. पन्नाशी गाठलेली, उंच, किडकिडीत, ओढणी डोक्यावरनं जरा सरकली की लगेच सावरणार. लग्न केलं नाही. तिचे अब्बा ट्रक चालवायचे. ते गेले, मागनं अम्मी गेल्या, आणि घरात ही एकटी उरली. मला पुस्तकांचं वेड लावलं ते तिनंच. पण पुस्तक परत द्यायला उशीर झाला तर शेजारीण-बिजारीण काही बघत नाही, दारात येऊन उभी राहते.

तिला एक वाक्य जडलेलं आहे. "आधार काय?"

भाजीवाला म्हणाला, मेथी सकाळची आहे. "आधार काय?" त्यानं जुडी नाकाला लावायला दिली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, यंदा ऊन लई आहे. "आधार काय? मागल्या वर्षी तुम्ही हेच म्हणला होता." एका लग्नात नवरीची आत्या कौतुकानं सांगत होती की आमच्या घराण्यात नवरा-बायकोचं कधी वाजत नाही. नसीम माझ्या कानाला लागली, "काकू, नमुना लहान आहे. इतक्यात निष्कर्ष नको." मला जेवताना ठसका लागला.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई अशी का? अहो, प्रबंध माणसाला तसं करतो. मी एकदा तिला विचारलं होतं, की बाई, ह्यात करायचं असतं तरी काय? तिनं सांगितलं ते मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. आधी एक प्रश्न धरायचा, लहानसाच, पण कुणी नीट विचारला नसेल असा. मग त्याच्याविषयी आजवर कोण कोण काय बोललं ते सगळं वाचायचं. मग आपला अंदाज सांगायचा, त्याला गृहीतक म्हणतात. मग लोकांत फिरायचं, पारखायचं, आणि अंदाज चुकला तर चुकला म्हणून लिहायचं. हे मला लई आवडलं. चुकलं म्हणून लिहायचं आणि तरी पदवी मिळते, असं दुसरं काम मी ऐकलं नाही. आणि कुणाचं एक वाक्य जरी घेतलं तरी त्याचं नाव सांगायचं. विरजण कुणाच्या घरनं आणलं ते न सांगता दही माझं म्हणायचं नाही.

एवढं सोपं सांगून ती म्हणाली, "आणि काकू, हे सगळं होईपर्यंत भ्यायचं."

तिचा विषय ऐका. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या मालट्रकांवर जे लिहिलेलं असतं, त्याचा अभ्यास. आमच्या उमरग्याला बायपासवर ट्रकांची काय कमी? कर्नाटकातनं येतात, तेलंगणातनं येतात. पुढं देवाचं नाव, मागं शेर, मडगार्डवर लेकरांची नावं. तिला हे सगळं उतरवायचं होतं, आणि ड्रायव्हरला विचारायचं होतं की बाबा, हेच का लिहिलंस? विषय बरोबर. फक्त एक अडचण. नसीमला अनोळखी माणसाशी बोलायची भीती. बसमध्ये कंडक्टरकडं तिकीटसुद्धा ती मलाच मागायला लावायची.

म्हणून मला सोबत नेलं. रविवारी दुपारी आम्ही दोघी बायपासवरच्या ढाब्याला जायचो. मी पुढं, ती माझ्या मागं. ती माझ्या पाठीत बोट टोचायची आणि प्रश्न कुजबुजायची, मी तो मोठ्यानं विचारायची. पहिल्याच दिवशी एक ड्रायव्हर दाल-रोटी खात बसला होता. त्याच्या ट्रकमागं लिहिलं होतं, 'सावकाश ये, चूल पेटलेली आहे.' मी विचारलं, हे कुणी लिहून घेतलं? त्यानं माझ्याकडं बघितलं, मागं नसीमकडं बघितलं, तिच्या हातातली फाईल आणि पेन बघितलं. हातातला घास खाली ठेवला. उठून गाडीकडं गेला आणि लायसन, परमिट, विम्याचे कागद सगळं घेऊन आला. "मॅडम, माल बराबर हाय. ओव्हरलोड न्हाय. ताडपत्री सोडून दावू का?"

त्याला वाटलं आम्ही आरटीओच्या. तो आम्हाला भिला, नसीम त्याला भिली, आणि मधे मी. आरटीओच्या नाही, कॉलेजच्या आहोत, हे पटवता पटवता त्याची डाळ गार झाली. पटल्यावर म्हणाला, बायकोनं सांगितलेलं वाक्य आहे. मागं टोचणारं बोट थांबलं. वळून बघितलं तर नसीम उभ्याउभ्या लिहून घेत होती.

पुढं एक म्हातारा ड्रायव्हर भेटायचा, बिदरकडचा. आम्हाला बघितलं की "बर्री आज्जी, कूडरी," या आज्जी, बसा, म्हणून बाज पुढं सरकवायचा. त्याच्यामुळं बाकीच्यांची भीती मोडली. पण सांगितलेलं प्रबंधात वापरायला हरकत नाही, अशा संमतिपत्रावर सही म्हणलं की सगळे मागं सरायचे. एकजण तर म्हणाला, बोलतो पाहिजे तेवढं, सही करत नाही, सही केली की कोर्टात बोलावतात. त्याला समजावण्यात एक अख्खी दुपार गेली.

तुम्हाला वाटेल, एवढं झालं की संपलं. संपतं कुठं? तिचे मार्गदर्शक सर. त्यांचा फोन आला की नसीम जिथं असेल तिथं उभी राहायची. भाकरी तव्यावर असली तरी उभी. ओढणी डोक्यावर, आवाज बारीक, "होय सर, होय सर." सर भले माणूस, पण त्यांचं एकच म्हणणं, "अजून खोलात जा." फोन ठेवल्यावर नसीम माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि विचारायची, काकू, अजून किती खोल? मी तिला भाकरी वाढायची.

मग विद्यापीठाचं ते चोरी धरणारं यंत्र. प्रबंध त्यातनं काढतात, आणि दुसऱ्याचं उचललेलं वाक्य असलं की ते रंगवून देतं. नसीमनं जिंदगीत कुणाची टाचणी उचललेली नाही. पण तिच्या प्रबंधात ट्रकवरची वाक्यं! ती हजार गाड्यांवर तीच असतात. 'हॉर्न द्या' पण चोरीचं, 'देवाची कृपा' पण चोरीची. पानंच्या पानं रंगून आली. ती रंगलेली पानं घेऊन ती माझ्या घरी आली. म्हणाली, "काकू, मी चोर निघाले." दोन दिवस कॉलेजला गेली नाही, लोक तोंडाकडं बघतील म्हणून. शेवटी सरांनी फोन करून सांगितलं की अवतरणं वगळून पुन्हा तपासू, आणि मग ती सुटली. मी तोवर तुळजापूरच्या आईला साकडं घालून बसले होते. नसीमलाही सांगितलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. सर त्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांच्या हाताखाली प्रबंध दाखल होऊन तोंडी परीक्षा झाली तर झाली. नाहीतर नवे मार्गदर्शक शोधा, त्यांना विषय पटवा, मुदत वाढवून मागा, आणि मुदत तर आधीच वाढवून झालेली. म्हणजे सगळं पाण्यात. हे तिला माहीत होतं. प्रबंध तिनं कसाबसा दिला. आणि तोंडी परीक्षेची तारीख आली तशी म्हणाली, मी जात नाही.

ती परीक्षा कशी असते ते ऐका. बाहेरच्या विद्यापीठातनं परीक्षक येतात. समोर टेबल लावून बसतात. आपण उभं राहून आपलं काम सांगायचं, ते प्रश्न विचारणार. आणि ती खुली असते, म्हणजे कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. मी हसत म्हणलं, हे तर मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखं झालं. नसीम हसली नाही. भिंतीकडं बघत बसली. मी जीभ चावली.

मग मी तिला ओट्यावर बसवून रोज सराव घेतला. गल्लीतल्या बायकाही यायच्या. कुणी विचारायचं, मॅडम, ह्या वाक्यांनी अपघात कमी होतात का? कुणी विचारायचं, देवाचं नाव पुढंच का, मागं का न्हाय? ती उत्तर द्यायची, आधार सांगायची. आमच्यासमोर तिचं काही अडत नव्हतं. पण परीक्षेचा विषय निघाला की उठून आत जायची. मी तिला सांगितलं, चल, मी पहिल्या रांगेत बसते, तुला मी दिसेन. तेव्हा कुठं निघाली.

आदल्या दिवशी एसटीनं सोलापूरच्याही पुढं, विद्यापीठाच्या गावाला गेलो. वाटेत तिनं काही खाल्लं नाही, खिडकीतनं नुसती मागं पडणाऱ्या गाड्या बघत होती. दुसऱ्या दिवशी विद्यापीठात पोचलो, तर मीही बिचकले. एवढी मोठी इमारत, एवढे जिने, आणि सगळे इस्त्रीचे कपडे घातलेले. तरी ठरल्याप्रमाणं मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

बाहेरचे परीक्षक बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशांचे. चष्मा नाकावर खाली सरकवून वाचायचे. पहिला प्रश्न, हा विषय का घेतला? नसीमनं पाठ केलेलं सांगितलं, महामार्गावरच्या लोकव्यवहारात हे लेखन कसं महत्त्वाचं वगैरे. मग गृहीतकावर प्रश्न, नमुन्यावर प्रश्न. आधी तिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही गेला नसता. हळूहळू वाढला. ओढणी एकदा सरकली आणि तिनं सावरली नाही, तेव्हा मला वाटलं, आता निभावलं.

मग टेबलाशी मधे बसलेले परीक्षेचे अध्यक्ष म्हणाले, उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का?

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. चार माणसांत कुणी "बोला" म्हणलं आणि आपल्या माणसाच्या बाजूनं कुणीच बोललं नाही, तर ती आपल्या माणसाची नाचक्की. सगळे गप्प बसलेले. पोरं मोबाईल बघत होती. मला वाटलं, नसीमच्या बाजूनं कुणीच नाही असं दिसतंय. मी उठले. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, मी कोण ते विचारलं. म्हणलं, शेजारीण. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

सरावातला एक साधा प्रश्न विचारून बसायचं, असं मनात होतं. पण उभं राहिल्यावर सगळे पुसले गेले. आणि जे कितीतरी रविवार माझ्या डोक्यात होतं तेच तोंडातनं बाहेर पडलं. म्हणलं, "नसीम, ज्या गाडीवर लेकीबाळींची नावं असायची, त्या ड्रायव्हरला तू मला कधी काही विचारूच दिलं न्हाईस. नुसता अक्षरांवरनं हात फिरवायचीस आणि पुढं जायचीस. का गं?"

परीक्षकांनी चष्मा वर केला. प्रबंध उघडला, पानं उलटली, पुन्हा उलटली. म्हणाले, "बरोबर आहे. देवांवर प्रकरण आहे, शेरांवर प्रकरण आहे. मुलांच्या नावांवर एकच परिच्छेद. का?"

नसीमनं हातातले कागद टेबलावर ठेवले. तिच्या मार्गदर्शक सरांनी मान खाली घातली. मनात आलं, एवढी वर्षं हिनं एकेक काडी रचली आणि मी शहाणी ती पाडायला इथवर आले. खुर्चीचा दांडा धरून तशीच उभी राहिले, बसायचं सुचेना.

मग ती बोलली, सराव न केलेल्या आवाजात.

"माझ्या अब्बांच्या ट्रकवर माझं नाव होतं, सर. मागच्या फळीवर, हिरव्या अक्षरांत. नुसतं नसीम. मी शाळेत होते तेव्हा त्यांची नजर गेली आणि गाडी विकावी लागली. घेणारा हैदराबादकडचा होता. नाव पुसा म्हणून अब्बांनी त्याला सांगितलं नाही, आणि ठेवा म्हणून पण सांगितलं नाही."

पाण्याची बाटली समोर होती, तिनं घेतली नाही.

"गाडी गेल्यावर अब्बांना दिसत नव्हतं, पण ते मला रस्त्यावर घेऊन जायचे. म्हणायचे, जाणाऱ्या गाड्यांच्या मागचं वाचून दाखव. मी वाचून दाखवायचे. ते कशासाठी ऐकत होते ते मला ठाऊक होतं. एक दिवस मी खोटंच सांगितलं, आत्ता गेली, अब्बा, नाव आहे अजून. त्यानंतर ते रस्त्यावर आले नाहीत. घरीच पडून राहिले, शांत." तिनं परीक्षकांकडं बघितलं. "त्या एका गोष्टीला माझ्याकडं आधार नव्हता, सर. म्हणून नावांवर लिहिता आलं नाही."

परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि त्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "पुस्तक कराल तेव्हा हे प्रकरण घाला. घाई नाही." आणि अध्यक्षांकडं वळून, पदवी द्यावी अशी शिफारस करतो, असं काहीतरी म्हणाले. टाळ्या वाजल्या. नसीम माझ्याकडं बघत होती. ओठ हलवून विचारत होती, झालं? मी मान हलवली, आणि मगच खाली बसले.

परतीच्या गाडीत मी तिला म्हणलं, माझ्यावर रागावलीस का? तिनं माझा हात हातात घेतला आणि सोलापूर मागं पडेपर्यंत सोडला नाही.

आता ती डॉक्टर नसीम. गल्लीत पेढे वाटले, कॉलेजात शाल मिळाली. गळ्यात तावीज एकटाच राहिला. काम संपलं, आता रविवारी दुपारी जरा पडते, असं मी मनात ठरवलं होतं. पुढच्याच रविवारी दाराची कडी वाजली. "काकू, चलता?" मी म्हणलं, आता कशाला? ती चपलेकडं बघत उभी राहिली. मी पदर खोचला आणि निघाले.

आता पाठीत बोट टोचत नाही. ती माझ्यापुढं चालते. मडगार्डवर नाव दिसलं की ड्रायव्हरपाशी जाते आणि विचारते, ही पूजा कितवीला आहे? हा समीर आता केवढा झाला? फाईल नसते, पेन नसतं. तो सांगतो, मोबाईलमधला फोटो दाखवतो, ती बघते. मग रस्त्याच्या कडेला उभं राहून जाणाऱ्या गाड्यांच्या मागचं वाचत राहते, मनातल्या मनात. हिरवी अक्षरं दिसली की मीही नीट बघते.

तुमच्या घरातल्या त्या प्रबंधवाल्या लेकराला घेऊन एकदा या उमरग्याला. प्रबंध कसा करायचा ते तिच्याइतकं कुणी सांगणार नाही, आणि भ्यायचं कसं ते तर नाहीच नाही. हुरड्याच्या दिवसांत या, माझ्याकडं उतरा. पण चहा तिच्याकडं घ्या. तिच्या मांडणीवर दोनच कप खाली काढलेले असतात, एक तिचा, एक माझा. बाकीचे वर ठेवलेले आहेत, त्यांच्यावर धूळ बसते. तुम्ही आलात की ते खाली काढावे लागतील. लवकर या.